'सावधान' ऐकणारा माणूस

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ नावाचे गाव आहे. १६०८ साली रामनवमीच्या दिवशी या गावी ठोसरांच्या घरात एक मुलगा जन्मला. आईवडिलांनी त्याचे नाव नारायण ठेवले. महाराष्ट्राने पुढे त्याला समर्थ रामदास म्हणून ओळखले. त्याच्याविषयीची एक कथा मराठी घरांतून पिढ्यानपिढ्या सांगितली जाते आणि आपल्या ख्रिस्ती घरांनाही ती अपरिचित नाही. बारा वर्षांचा नारायण लग्नासाठी बोहल्यावर उभा होता. अंतरपाट धरलेला होता, मंगलाष्टके चालली होती. 'सावधान' हा शब्द उच्चारला गेला आणि तो ऐकताच मुलगा मांडवातून निघून गेला.

या कथेकडे वैराग्याची कथा म्हणून पाहण्याची रीत आहे. आम्हांला मात्र तिच्यातील दुसरीच गोष्ट विचार करावयास लावते. 'सावधान' हा शब्द त्या दिवशी काही प्रथमच उच्चारला गेला नव्हता. तो प्रत्येक लग्नात म्हटला जात होता व आजही म्हटला जातो. म्हणणाऱ्याला तो पाठ असतो, ऐकणाऱ्याला त्याची सवय झालेली असते आणि सर्वांचे लक्ष मुठीतल्या अक्षतांकडे लागलेले असते. त्या गर्दीत एका मुलाने तो शब्द खरा मानला. शब्द नेहमीचाच होता. ऐकणारा निराळा होता.

आजच्या उद्योगजगतातही काही शब्द मंगलाष्टकांप्रमाणे म्हटले जात आहेत. 'सामाजिक उत्तरदायित्व', 'शाश्वत विकास', 'पर्यावरणाची जपणूक' हे शब्द कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत छापलेले असतात, कारखान्यांच्या प्रवेशद्वारांवर रंगविलेले असतात आणि समारंभांतून माळेच्या मण्यांसारखे ओवले जातात. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ अशाच कंपन्यांवर चालतो. आपली मुलेमुली तेथे कारकून, तंत्रज्ञ, अभियंते आणि पर्यवेक्षक म्हणून दिवसाचे आठ-दहा तास घालवितात. म्हणून प्रश्न असा पडतो की, कंपनी जेव्हा जगाचे भले करण्याची भाषा बोलते, तेव्हा तिच्यात काम करणाऱ्या माणसाच्या कामाचे काय होते? ते काम अधिक प्रामाणिक होते काय? आणि त्यांपैकी एखाद्याने मालकाचा शब्द खरोखरच खरा मानला, तर त्याने पुढे काय करावे?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा त्यांच्यापुढे एक अडचण उभी राहिली. गिरणीच्या भोंग्यावर आयुष्य बांधून घेण्याची तेथील माणसांना सवय नव्हती. आज आलेला कामगार उद्या येईलच, असा भरवसा नसे. अशा वेळी दंड वाढविणे हा मालकवर्गाचा नेहमीचा उपाय. टाटांनी दुसरा मार्ग धरला. गिरणीतील हवा सुसह्य राहावी आणि आगीपासून बचाव व्हावा यासाठी त्यांनी यंत्रे बसविली, नियमित येणाऱ्यांना बक्षिसे दिली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी उभारला आणि १८९५ मध्ये अपघातग्रस्त कामगारांना भरपाई देण्यास आरंभ केला. कामगारांना अपघाताची भरपाई देण्याचा कायदा आपल्या देशात झाला तो १९२३ साली, म्हणजे त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी.

यात मालकाचा स्वार्थ नव्हता, असे आम्ही म्हणणार नाही. गिरणीला माणसे हवी होती. परंतु ज्या माणसाला आपला हात यंत्रात सापडल्यास आपली मुले उघड्यावर पडणार नाहीत ही खात्री वाटते, तो त्या यंत्राशी निराळ्या मनाने उभा राहतो. भयाने केलेले काम आणि विश्वासाने केलेले काम यांत कापडाच्या वारांत मोजता येईल असाही फरक पडतो आणि मोजता न येणाराही पडतो. योगायोग असा की, नागपुरातील या दोन वर्षांच्या मध्ये, १८९१ साली, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या स्थितीविषयीचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. मजुरी ही केवळ दोन पक्षांच्या संमतीने ठरणारी बाब नाही. गरजेपोटी माणूस कमी मजुरीला 'हो' म्हणाला म्हणून ती न्याय्य ठरत नाही, हा त्यातील विचार होता. एम्प्रेस मिलचा भोंगा २००२ मध्ये कायमचा थांबला. त्या परिपत्रकातील प्रश्न मात्र अद्याप संपलेला नाही.

आता आजच्या काळाकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर एक बंधन घातले आणि १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक मालमत्ता, उलाढाल किंवा नफा असणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामांसाठी खर्च करावी, असे ते बंधन होय. शाळांच्या खोल्या, दवाखाने, शौचालये, बंधारे, झाडे अशी पुष्कळ कामे या पैशातून झाली आहेत आणि त्यांची फळे गोरगरिबांनी चाखली आहेत. त्यांना नाके मुरडण्याचा आमचा हेतू नाही.

या कायद्याच्या नियमांत मात्र एक लक्षणीय गोष्ट आहे. जे उपक्रम केवळ कंपनीचे कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठीच असतील, ते या दोन टक्क्यांत धरले जाणार नाहीत, असे २०१४ च्या नियमांनी सांगितले. २०२१ च्या दुरुस्तीनेही कर्मचाऱ्यांच्या लाभाचे उपक्रम बाहेरच ठेवले. प्रथमदर्शनी हे विचित्र वाटते. परक्या गावातील मुलाला दप्तर दिले तर ते उत्तरदायित्व आणि आपल्याच कारखान्यातील झाडूवाल्याच्या मुलाला दिले तर ते नव्हे! परंतु थोडा विचार केल्यावर ध्यानात येते की, नियम योग्यच आहे. कामगाराला जे द्यायचे ते त्याच्या हक्काचे असते. हक्काचे देणे धर्मादाय खात्यात मांडण्याची सोय असती, तर मालकाने पगारालाही दान म्हटले असते. ख्रिस्तसभेचीही हीच शिकवण आहे. न्यायाने जे देणे लागते ते प्रीतिदान म्हणून देऊ नये, असा इशारा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने दिलेला आहे.

धोका नियमात नसून माणसाच्या नजरेत आहे. ज्याचा हिशेब द्यावा लागतो, ज्याचे छायाचित्र छापले जाते, त्याकडे नजर वळते आणि जे रोज पायाशी असते ते दिसेनासे होते. शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस लाझरसला मारहाण करीत नव्हता. त्याला त्याने दारातून हाकलले, असेही लूकने लिहिलेले नाही. त्याने लाझरसला पाहिलेच नाही, एवढाच त्याचा अपराध. कदाचित तो दूरच्या एखाद्या नगरात अन्नछत्र चालवीतही असेल! लाझरस मात्र त्याच्या दाराशीच पडून होता.

कंपनीच्या चांगल्या कामाचा कर्मचाऱ्याच्या मनावर दोन परस्परविरुद्ध प्रकारे परिणाम होतो, असे आमच्या पाहण्यात आले आहे. जेथे आतला व्यवहार स्वच्छ असतो, तेथे बाहेरचे सत्कार्य माणसाला बळ देते. आपण केवळ साबण किंवा सळ्या बनवीत नाही, आपल्या श्रमाचा काही वाटा कुणाच्या तरी विहिरीपर्यंत पोहोचतो, ही भावना लहान नाही. संध्याकाळी घरी आलेला बाप मुलांना आपल्या कंपनीविषयी अभिमानाने सांगतो, तेव्हा तो स्वतःच्या कामाला मान देत असतो. असा माणूस दुसऱ्या दिवशी मापात खोट करीत नाही, कारण खोट केली तर ती आपल्याच अभिमानात होईल हे त्याला कळते.

उलट, जेथे आत एक आणि बाहेर एक असा प्रकार असतो, तेथे हेच सत्कार्य माणसाला आतून पोखरते. रविवारी वृक्षारोपण ठेवतात. ते 'स्वेच्छेने' असते, मात्र हजेरीपट फिरविला जातो. मिस्सा चुकवून गेलेला आपला तरुण तेथे खड्ड्यात रोप ठेवतो, छायाचित्र निघते आणि सोमवारी तो कामावर गेल्यावर सांडपाण्याची झडप रात्री उघडल्याचे त्याच्या कानावर येते. काही दिवस त्याला चीड येते. मग तो हसायला शिकतो. मोठे शब्द हे हसण्यावारी नेण्यासाठीच असतात, हा धडा त्याला कंपनीनेच शिकविलेला असतो आणि तो धडा कंपनीपुरता राहत नाही. घरी, धर्मग्रामात, मतदानाच्या रांगेत, प्रार्थनेतसुद्धा तो माणूस शब्द उच्चारतो आणि आतून त्यांवर हसत असतो. हे नुकसान कुठल्याही ताळेबंदात मांडले जात नाही.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ एका कारखान्यात सुरक्षा विभागात काम करतात. कारखान्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तेथे दरवर्षी तपासणीच्या आधी कंत्राटी कामगारांना सुरक्षेचे प्रशिक्षण दिल्याची नोंद करावी लागे. प्रशिक्षणाला वेळ नसे, कारण तेवढा वेळ काम बंद ठेवणे कुणालाच परवडत नसे. म्हणून नोंदवहीवर सह्या आणि अंगठे घेतले जात. दोन वर्षे हे काम या गृहस्थांनीच केले. "सगळीकडे असेच चालते," हे वाक्य त्यांनी वरिष्ठांकडून ऐकले होते आणि हाताखालच्यांना ऐकविलेही होते. एका वर्षी ५ जूनला, पर्यावरणदिनी, त्यांचे रोप हातात घेतलेले छायाचित्र कंपनीच्या अंकात छापून आले. खाली ओळ होती की, ही माणसे जीवन जपतात. त्यांच्या मुलीने ते पान कापून घरातील वेदीशेजारी भिंतीवर चिकटविले.

पुढच्या आठवड्यात नोंदवही पुन्हा त्यांच्या टेबलावर आली. "सह्या घेताना भिंतीवरचे ते पान डोळ्यांपुढे येऊ लागले," असे त्यांनी आम्हांला मिस्सानंतर देवळाच्या आवारात सांगितले. त्यांनी वही मिटली, कंत्राटी कामगारांना एकत्र बोलाविले आणि पाऊण तास त्यांना कारखाना दाखविला. डोळ्यांत काही उडाले तर पाणी कोठे आहे, वायू सुटला तर वाऱ्याची दिशा कशी ओळखावी, कोणीकडे पळावे, हे समजावून दिले. त्यांत तीन-तीन वर्षे तेथे राबलेली माणसे होती. मागच्या दाराला कुलूप असते, हे त्यांना ठाऊक होते. त्याची किल्ली कोठे असते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. सह्या त्यानंतर झाल्या. पाऊण तासाच्या खोळंब्याबद्दल त्या गृहस्थांना बोलणी खावी लागली. त्यांना बढती मिळाली नाही, नोकरीही गेली नाही. एवढेच झाले की, मागच्या दाराची किल्ली आता दाराशेजारी काचेच्या पेटीत टांगलेली असते.

ही गोष्ट लहान आहे, असे कुणास वाटेल. भोपाळ आठवावे. २ डिसेंबर १९८४ ची रात्र उलटताना तेथे विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या कारखान्यातील धोक्याविषयी राजकुमार केसवानी हे पत्रकार १९८२ पासून लिहीत होते. कामगारांनीही आवाज उठविला होता. वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा दुर्घटनेपूर्वीच बंद ठेवण्यात आली होती. 'सावधान' हा शब्द उच्चारला गेला होता, पण ज्यांनी ऐकावयाचा त्यांनी तो ऐकला नाही. आपल्या अगदी जवळ, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले व कामगारांचे बळी गेले. अशा प्रत्येक घटनेनंतर चौकशी होते, कागद मागविले जातात. कागदांवर सह्या असतात. त्या सह्यांमागे खरोखर पाऊण तास होता की नव्हता, हे फक्त दोघांना माहीत असते: सही घेणाऱ्याला आणि देवाला.

येथे एक आक्षेप येतो आणि तो आम्ही हलका मानीत नाही. नारायण मांडवातून निघून गेला, कारण त्याला जाता आले. घरी वडील बंधू गंगाधर होते. प्रपंचाचा भार त्यांनी वाहिला. आमच्या त्या गृहस्थांना घराचे हप्ते आहेत, दोन मुलांचे शिक्षण आहे, आईचे औषधपाणी आहे. खोटा शब्द ऐकू आला म्हणून प्रत्येकाने नोकरी सोडावी काय? सोडल्यास त्या खुर्चीवर जो बसेल, तो निमूटपणे सह्या घेणारा असेल. मग त्या सोडण्याचा लाभ कुणाला?

आमच्या मते, काही वेळा सोडण्यावाचून मार्ग नसतो. जेथे पापाची आज्ञाच दिली जाते, जेथे कुणाचा जीव जाणार हे दिसत असूनही गप्प बसावे लागते, तेथे भाकरी सोडावी लागते आणि अशा वेळी त्या कुटुंबाला धर्मग्रामाने सांभाळले पाहिजे. परंतु बहुतेकांची कसोटी एवढी उघड नसते. त्यांना मांडवातच राहून सावधान असावे लागते. हे मांडव सोडण्याहून सोपे आहे, असे कुणी समजू नये. पळून जाणारा एकदाच निर्णय घेतो. राहणाऱ्याला तो दर सोमवारी नव्याने घ्यावा लागतो. समर्थांनीही पुढे दासबोधात प्रपंचाला तुच्छ लेखले नाही. सावधपणाने आणि प्रयत्नाने तो नीट करावा, असेच सांगितले. संत जोसेफनेही सुतारकामच केले. बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा श्रमिक संत जोसेफ यांचा सण ठरविला, तो या मुकाट, रोजच्या, चोख कामाचाच गौरव होता.

तथापि सारा भार एकट्या कर्मचाऱ्याच्या सद्सद्विवेकावर टाकून मालकाने मोकळे होऊ नये. कामगार कुणाचा, या प्रश्नाला बगल देण्याच्या वाटा आज पुष्कळ आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या परिपत्रकात 'अप्रत्यक्ष मालक' अशी एक संज्ञा मांडली. ज्याच्या हाताखाली मनुष्य काम करतो तो प्रत्यक्ष मालक. परंतु ज्या व्यक्ती, संस्था आणि व्यवस्था त्या कामाच्या अटी दुरून ठरवितात, त्यांच्यावरही जबाबदारी येते, असा तो विचार होय. आपल्या देशातील १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेही कंत्राटदाराने मजुरी थकविली तर ती देण्याचे दायित्व मुख्य मालकावर टाकले होते.

जांब समर्थच्या परिसरात ही संज्ञा पुस्तकी राहत नाही. जालना, बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. माणसांना हत्याराचे नाव पडावे, यातच सारे आले. मुकादम आधी उचल देतो आणि मग सहा महिने ती उचल फेडली जाते. आजारपणाचा किंवा बाळंतपणाचा खाडा पडला, तर तो अंगावर येतो. बीड जिल्ह्यातील अनेक ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ मध्ये पुढे आले, तेव्हा राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने याच मजुरांच्या कर्जाचा, बालविवाहांचा आणि शस्त्रक्रियांचा दीर्घ वृत्तांत छापला आणि येथील साखर ज्या जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांपर्यंत पोहोचते, त्यांच्या जबाबदारीच्या घोषणांकडे बोट दाखविले.

हा मजूर कुणाचा? मुकादम म्हणतो, मी फक्त माणसे आणतो. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी आहे. साखर घेणारा म्हणतो, आमच्याकडे प्रमाणपत्र आहे. पेय पिणारे आपण तर काहीच म्हणत नाही. लाझरसच्या आणि दाराच्या मध्ये आता इतक्या पायऱ्या झाल्या आहेत की, प्रत्येकाला तो दुसऱ्याच्या दारात पडलेला दिसतो. पृथ्वीचे आक्रंदन आणि गरिबांचे आक्रंदन वेगळे काढता येत नाही, हा 'लौदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकातील पोप फ्रान्सिस यांचा विचार येथे प्रत्ययास येतो. ठिबक सिंचनाने वाचविलेल्या पाण्याचा आकडा अहवालात झळकावा आणि त्याच शेतात राबणाऱ्या बाईला पिण्याचे पाणी कोसावरून आणावे लागावे, ही शाश्वतता नव्हे.

दोन टक्क्यांचा हिशेब मागणारी व्यवस्था आता हळूहळू आतलाही हिशेब मागू लागली आहे, ही आशेची गोष्ट होय. भांडवली बाजाराचे नियमन करणाऱ्या 'सेबी'ने २०२१ मध्ये उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालाचा नवा नमुना ठरविला आणि २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा केला. त्यात कायम कामगार किती, बिगरकायम किती, त्यांना वेतन काय मिळते, अपघात किती झाले, हे वेगवेगळे सांगावे लागते. कंत्राटी माणूस निदान एका रकान्यात तरी दिसू लागला. मात्र रकाने भरणारा हात शेवटी आपल्याच कुणा मुलाचा किंवा मुलीचा असतो. तो रकाना खरा भरला जाईल की खोटा, हे कुठलाही नमुना ठरवू शकत नाही.

कामाचा आणि जबाबदारीचा संबंध जोडण्याची दुसरीही रीत आहे आणि तिचे उदाहरण शोधण्यास आपल्याला जालना जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. स्विस येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगरमध्ये राहून दुष्काळी भागासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात जालना तालुक्यातील कडवंची हे गाव १९९६ च्या सुमारास आले. जालन्याच्या कृषी विज्ञान केंद्राने तेथे काम केले. पैसा बाहेरून येणार होता, पण अटी गावाने पाळावयाच्या होत्या: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. चर खणणाऱ्या माणसाला ठाऊक होते की, या चरात मुरणारे पाणी आपल्याच विहिरीत उतरणार आहे. पुढे कडवंचीत शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळत असताना या गावाने तग धरला.

हजेरीपट फिरवून केलेले रविवारचे वृक्षारोपण आणि कडवंचीचे श्रमदान यांत कुदळ सारखीच आहे. फरक हा की, कडवंचीत कष्ट करणारा निर्णयातही होता आणि फळातही. कंपनीला आपल्या सत्कार्याने कर्मचाऱ्यांच्या कामात खरोखर जीव ओतावयाचा असेल, तर तिने त्यांना छायाचित्रात उभे करण्यापूर्वी विचारविनिमयात बसविले पाहिजे. आपल्या सांडपाण्याचे काय करावे, कोणत्या दाराला कुलूप नको, मुकादमाशी करार करताना कोणती अट घालावी, हे ज्यांना रोजच्या अनुभवाने ठाऊक आहे त्यांनाच विचारावे. तपासनीसाच्या सहीपेक्षा त्यांचा शब्द अधिक मोलाचा आहे.

हे सारे कंपन्यांना सांगून झाल्यावर थोडे आपल्या अंगणातही पाहिले पाहिजे. आपणही कुणाचे तरी मालक आहोत. आपल्या घरी भांडी घासायला येणारी बाई, सोसायटीच्या फाटकाशी रात्र जागविणारा रखवालदार, देवळाच्या नव्या बांधकामावर कंत्राटदाराने आणलेले मजूर, आपल्या शाळांतून अल्प मानधनावर शिकविणारे शिक्षक ही आपल्या दारातील माणसे आहेत. नाताळात आपण अनाथाश्रमासाठी वर्गणी काढतो आणि त्याच महिन्यात बाईच्या दोन खाड्यांचे पैसे कापतो. बांधकामाच्या कोनशिलेवर देणगीदारांची नावे कोरली जातात. वर चढून विटा देणाऱ्याला सुरक्षेचा पट्टा होता की नाही, हे कुणी विचारलेले नसते. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवापर्यंत ओरडत जाते, असे संत याकोबाने आपल्या पत्रात बजावले. त्याने ते कुठल्या कंपनीला लिहिले नव्हते. श्रद्धावंतांना लिहिले होते.

आम्ही ज्यांची हकिकत सांगितली, त्या गृहस्थांना नंतर एकदा विचारले, की भिंतीवरचे ते पान अजून आहे काय? ते म्हणाले, "मुलीने ते कधीच काढून टाकले. आता तिथे दिनदर्शिका आहे. पण कामावर निघताना नजर तिकडे जाते." आपल्या हातून मागील दोन वर्षांत घेतल्या गेलेल्या सह्यांविषयी त्यांनी पापनिवेदन केले, हेही त्यांनी आपणहून सांगितले. त्या दोन वर्षांत काही घडले नाही, ही देवाची कृपा. आपली हुशारी नव्हे, असे ते म्हणाले.

लग्नसराईत पुन्हा मांडव पडतील, मंगलाष्टके होतील आणि तो शब्द पुन्हा उच्चारला जाईल. कंपन्यांचे अहवालही दरवर्षीप्रमाणे निघतील. ते खरे बोलतात की खोटे, हे ठरविण्याचा अधिकार आपल्यापैकी बहुतेकांना नाही. आपल्या टेबलावर आलेल्या वहीपुरता, आपल्या हातातील किल्लीपुरता आणि आपल्या दारातील माणसापुरता मात्र तो शब्द खरा करून दाखविणे आपल्याला शक्य आहे. शेवटच्या दिवशी प्रभू आपल्याला त्याच दाराविषयी विचारील.